पहिल्या पोझिशनपुरते संगीत : चेलो शिकणाऱ्या एका प्रौढ विद्यार्थिनीसाठी नोटेशन निवडताना

पार्श्वभूमी

पुण्यात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका विद्यार्थिनीने चेलो शिकायला घेतला तेव्हा संगीत त्यांना नवे नव्हते. लहानपणी त्या अनेक वर्षे शास्त्रीय गायन शिकल्या होत्या, पेटी साथीपुरती वाजवत होत्या आणि भातखंडे पद्धतीची स्वरलिपी विनासायास वाचत होत्या. स्टाफ नोटेशन मात्र त्यांनी कधी वाचले नव्हते. गोव्यात चर्चच्या शाळेतून पाच ओळींची लिपी लहानपणीच शिकलेल्या मुलांना ज्या टप्प्यावर अडखळावे लागत नाही, नेमका तोच टप्पा त्यांच्यापुढे होता. कान तयार होता, लय पक्की होती, पण डोळे कागदावरून काहीच उचलत नव्हते.

त्यांचे शिक्षक मुंबईत राहत असून तालीम बहुतेक व्हिडिओ कॉलवर आणि अधूनमधून समोरासमोर होत असे. वाद्य कसे धरायचे, बो (तारांवर फिरवायचा गज) कसा चालवायचा आणि डी मेजर स्केल कसे वाजवायचे, इतके झाल्यावर शिक्षकांनी सांगितले, "आता तुम्हाला आवडेल असे काहीतरी सोपे शोधून आणा, आपण ते घेऊ." प्रौढ विद्यार्थ्याची गोडी टिकावी हा त्यामागचा हेतू रास्त होता. परंतु 'सोपे' म्हणजे काय, हे ठरवण्याची जबाबदारी त्यामुळे ते ठरवू न शकणाऱ्या व्यक्तीवर येऊन पडली. प्रस्तुत लेखक या प्रकरणात नंतरच्या टप्प्यावर, नोटेशन निवडण्यास मदत करण्यापुरता सहभागी झाला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

अडचण

विद्यार्थिनीने इंटरनेटवरून बरेच कागद जमवले. त्यांत बाखच्या पहिल्या चेलो सुइटचे प्रेल्यूड होते, सां-साँसचे 'द स्वान' होते, पियानोच्या 'इझी' संग्रहातील काही धून होत्या, व्हायोलिनच्या नवशिक्यांसाठीचे काही धडे होते आणि कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या एका संपूर्ण पुस्तकाची पीडीएफही होती. यांपैकी जवळपास प्रत्येक कागदावर त्या वेगळ्या कारणाने अडल्या. सगळ्या अपयशांचे खापर मात्र त्यांनी स्वतःच्या वाचनावर आणि वयावर फोडले.

कागद एकेक करून तपासल्यावर चित्र वेगळे दिसले. बाखच्या प्रेल्यूडचे पहिले चार बार (लेखनातील तालाचे खंड) खरोखरच नवशिक्याच्या हातात बसतात. मोकळी, म्हणजे बोट न दाबता वाजणारी जी तार, डी तारेवर मोकळी किंवा पहिले, तिसरे, चौथे बोट आणि ए तारेवर मोकळी, पहिले, दुसरे बोट, यांपलीकडे डाव्या हाताला तिथे काहीच करावे लागत नाही. म्हणूनच हा तुकडा फसवा आहे. सोळांश स्वरांच्या गतीने बो सतत तीन तारांवरून फिरवत ठेवणे ही उजव्या हाताची कसोटी आहे, आणि पुढे डाव्या हातालाही बोटे ताणावी लागतात, वरच्या पोझिशनमध्ये जावे लागते, म्हणजे हात तारेवरच्या सुरुवातीच्या जागेवरून (पहिल्या पोझिशनमधून) पुढे सरकवावा लागतो. 'द स्वान'ची गत अगदी संथ असली तरी ती धून तारेच्या वरच्या भागात फिरते. सावकाश चालणारे ते सोपे, हा समज गायनातून आलेल्या व्यक्तीला तर मुळीच परवडणारा नाही, कारण विलंबित ख्याल द्रुतापेक्षा सोपा असतो असे कोणताही गायक म्हणणार नाही.

पियानोच्या कागदांची अडचण निराळी होती. तिथला 'इझी' हा शब्द पियानोच्या बोटांसाठी असतो. शिवाय पियानोच्या लेखनात 1 म्हणजे अंगठा आणि चेलोच्या लेखनात 1 म्हणजे तर्जनी. पेटीवर बसलेला हात असल्यामुळे हा घोळ विद्यार्थिनीच्या बाबतीत जास्तच झाला. व्हायोलिनच्या धड्यांत बोटांचे आकडे आणखी चकवतात. डी मेजरमधील सारख्याच स्वरांना व्हायोलिनवर 0, 1, 2, 3 अशी बोटे येतात (0 म्हणजे मोकळी तार), तर चेलोवर तारेची लांबी जास्त असल्यामुळे 0, 1, 3, 4 अशी येतात. त्यातच व्हायोलिनचे प्राथमिक धडे पुष्कळदा ए आणि ई तारांवर रचलेले असतात आणि चेलोला ई तारच नसते. सुझुकी पद्धतीत व्हायोलिनचा पहिला धडा ए मेजरमध्ये, तर चेलोचा डी मेजरमध्ये आहे, त्याचे कारण हेच.

थोडक्यात, वाचनाची अडचण एक आणि हाताची अडचण दुसरी होती. चुकीच्या कागदांमुळे दोन्ही एकाच वेळी समोर येत होत्या आणि नेमके कुठे अडते आहे, हे शिक्षकांनाही व्हिडिओवर कळत नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. चेलोसाठी क्रमवार रचलेले एखादे प्राथमिक पुस्तक विकत घ्यावे आणि पहिल्या पानापासून चालावे. त्याचा फायदा असा की श्रेणी, स्केल आणि बोटे यांचा विचार रचणाऱ्याने आधीच केलेला असतो. विद्यार्थिनीचा आक्षेप असा होता की अशा पुस्तकांतील बहुतेक गाणी युरोप-अमेरिकेतील बालगीते आहेत आणि ती वाजवताना त्यांना कसलीच ओढ वाटत नाही. हा आक्षेप लाडाचा नव्हता. नोकरी आणि घर सांभाळून रात्री अर्धा तास काढणाऱ्या माणसाला ती ओढच वाद्यापाशी आणून बसवते.

दुसरा पर्याय परीक्षा मंडळांच्या अभ्यासक्रमाचा होता. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या दोन्ही ब्रिटिश मंडळांच्या परीक्षा भारतात होतात. त्यांच्या चेलोच्या याद्या 'इनिशियल' पातळीपासून ग्रेड 8 पर्यंत चढत्या क्रमाने लावलेल्या असतात आणि त्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. परीक्षेला न बसताही या याद्यांचा तुलनेची पट्टी म्हणून उपयोग होतो. एखादी धून कोणत्या पातळीला ठेवली आहे हे पाहिले, की तिच्यासाठी किती थांबावे लागेल याचा अंदाज येतो. विद्यार्थिनीला परीक्षा द्यायची नव्हती, पण पट्टी म्हणून याद्या त्यांना मान्य होत्या.

तिसरा पर्याय म्हणजे स्वामित्वहक्क संपलेल्या रचना मोफत मिळवणे. 2006 साली सुरू झालेल्या आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहात चेलोसाठी एकोणिसाव्या शतकातील अभ्याससंच मोठ्या संख्येने आहेत. सेबास्टियन ली (1805–1887) यांचे ओपस 70, म्हणजे चाळीस सोपे अभ्यास, त्यांपैकीच. त्यांतील सुरुवातीचे अभ्यास पहिल्या पोझिशनमध्ये आहेत आणि सोबत दुसऱ्या चेलोचा भागही दिलेला आहे. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे या अभ्यासांबाबत शंका नव्हती. व्हॉट्सॅपवर आलेल्या पुस्तकाचा मामला वेगळा होता. मूळ धून दोनशे वर्षांपूर्वीची असली तरी हयात संपादकाने केलेल्या रूपांतरावर स्वतंत्र हक्क असतो. त्या पीडीएफमधील पाने वापरायची नाहीत, पुस्तक हवे असेल तर विकत घ्यायचे, असे ठरले. त्या पीडीएफमधील बोटांचे आकडे स्कॅनमध्ये पुसट झाले होते, हेही एक व्यावहारिक कारण होतेच.

चौथा पर्याय विद्यार्थिनीने स्वतः सुचवला. ज्या बंदिशी त्यांना येतात त्याच स्टाफ नोटेशनमध्ये लिहून घेऊन वाजवल्या तर? शिक्षक साशंक होते. पाठ असलेली गोष्ट कागदासमोर ठेवली तर विद्यार्थी कागद वाचत नाही, वाचल्यासारखे करतो, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते अनुभवाचे होते.

निर्णय : एक कागद डोळ्यांसाठी, एक हातासाठी

या प्रकरणातील कळीचा निर्णय हा, की एकाच कागदाकडून दोन्ही कामांची अपेक्षा सोडून द्यायची. शिक्षकांची शंका आणि विद्यार्थिनीचा आग्रह दोन्ही योग्य होते, फक्त ते वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत होते. वाचनासाठी पूर्णपणे अनोळखी, हाताला अगदी सोपे, पाच-सहा स्वरांत फिरणारे कागद घ्यायचे आणि ते पाठ होण्याआधी बदलायचे. हात, सूर आणि बो यांच्यासाठी ओळखीच्या धून घ्यायच्या, आणि त्या पाठ वाजवल्या तरी हरकत घ्यायची नाही. लींचे अभ्यास आणि शिक्षकांनी लिहून दिलेल्या चार-चार बारच्या ओळी पहिल्या कामाला, तर बंदिशी आणि एखादी पाश्चात्त्य धून दुसऱ्या कामाला, अशी विभागणी झाली.

त्याबरोबर, कोणताही कागद स्टँडवर जाण्याआधी त्यातील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर पाहायचा, अशी शिस्त ठरली. पहिल्या पोझिशनमध्ये चेलो खालच्या मोकळ्या सी तारेपासून ए तारेवरच्या चौथ्या बोटाच्या डीपर्यंत जातो. चेलोचे खालचे स्वर ज्या चिन्हाने लिहितात त्या बेस क्लेफमध्ये हे शोधणे सोपे आहे, कारण ए तार सर्वांत वरच्या ओळीवर, डी तार मधल्या ओळीवर आणि जी तार सर्वांत खालच्या ओळीवर येते. सी तेवढी खाली, दोन जादा रेघांवर लटकते. वर, मधल्या सीच्या एका जादा रेघेपलीकडचा डी हा शेवटचा स्वर. त्यापुढे काही दिसले तर कागद बाजूला. मग स्केलकडे पाहायचे आणि बोट ताणावे लागणारे स्वर शोधायचे. डी तारेवरचा जी शार्प किंवा ई फ्लॅट, ए तारेवरचा बी फ्लॅट, जी तारेवरचा सी शार्प आणि सी तारेवरचा एफ शार्प हे ते स्वर. असा एखादाच स्वर असला तरी संपूर्ण कागदाची पातळी बदलते.

ही तपासणी विद्यार्थिनीने स्वतः करायची, असेही ठरले. यातून एक अनपेक्षित लाभ झाला. वाजवण्याचा ताण नसताना कागद नुसता न्याहाळण्याचा सराव झाला, आणि बेस क्लेफ डोळ्यांत बसू लागला तो बऱ्याच अंशी त्यामुळे.

मिन्युएटचा प्रश्न

पाश्चात्त्य धून म्हणून विद्यार्थिनीला जी मेजरमधील सुप्रसिद्ध मिन्युएट हवे होते. ते दीर्घकाळ बाखच्या नावावर चालत आले, पण आता ते क्रिस्टियान पेत्सोल्ड यांचे मानले जाते. मूळ रचना कीबोर्डसाठी आहे. विद्यार्थिनीने म्यूझस्कोर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उतरवून दोन सप्तके खाली आणली आणि पहिल्या भागात बहुतेक सगळे स्वर हाताखाली आलेही. नडला तो एकच स्वर. सर्वांत खालचा एफ शार्प सी तारेवर येतो आणि त्यासाठी चौथे बोट ताणावे लागते. चेलोची सर्वांत जाड तार, सर्वांत दुबळे बोट आणि त्यात ताण, असा तो योग होता. एकच सप्तक खाली आणावे तर दुसऱ्या भागातील बी पहिल्या पोझिशनच्या फार बाहेर जातो.

इथे तीन मार्ग होते. तो स्वर बदलून टाकणे शिक्षकांना मान्य नव्हते, कारण तो स्वर वाक्याच्या शेवटाकडे नेणारा आहे. ताण शिकून घेणे शक्य होते, पण तेव्हा चौथे बोट अजून न ताणतासुद्धा सुरात पडत नव्हते. तिसरा मार्ग सगळी धून सी मेजरमध्ये नेण्याचा. तसे केल्यावर तो अडलेला स्वर जी तारेवर तिसऱ्या बोटाचा बी झाला आणि पहिल्या भागाचा वरचा स्वर ए तारेवर दुसऱ्या बोटाचा सी. संपूर्ण पहिला भाग, सोळा बार, कुठेही न ताणता पहिल्या पोझिशनमध्ये बसला. दुसरा भाग मात्र तरीही बसला नाही, कारण त्याच्या आरंभीच वरचा ई येतो. पहिलाच भाग घ्यायचा, असे ठरले. रचना अर्धी वाजवणे विद्यार्थिनीला सुरुवातीला खटकले, पण स्थायी पक्की झाल्याशिवाय अंतऱ्याकडे जायचे नाही, हे त्यांना गायनात कधी खटकले नव्हते.

सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये स्केल बदलते, पण कोणत्या स्केलमध्ये बदलावे हे त्याला कळत नाही. ते कळण्यासाठी चारही तारांवर बोटे कुठे पडतात हे डोळ्यांसमोर असावे लागते, आणि हा निर्णय शिक्षकाने घेतलेलाच बरा.

यमनचा प्रश्न

बंदिशींच्या बाबतीत पहिली निवड सहजच डी हा षड्ज धरून झाली, कारण पांढरी दोनचा सा धरला की मोकळी डी तार सा आणि मोकळी ए तार प होते. बिलावल थाटाचे सातही स्वर अशा वेळी डी तारेवर 0, 1, 3, 4 आणि ए तारेवर पुन्हा 0, 1, 3, 4 असे पडतात. दुर्गा आणि भूप त्यात आरामात बसले. काफीला फक्त तिसऱ्याऐवजी दुसरे बोट लागले. भैरवाचा कोमल रिषभ मात्र पहिले बोट मागे ताणायला लावत होता, म्हणून तो दूर ठेवला.

अडचण यमनची झाली. विद्यार्थिनीचा तो सर्वांत आवडता आणि सर्वांत पक्का राग, पण डी षड्जावर तीव्र मध्यम म्हणजे जी शार्प, म्हणजे पुन्हा चौथे बोट ताणणे. यमन नंतर घ्यावा, असा शिक्षकांचा कल होता. त्यावर पेटीवाल्याच्या सवयीने विद्यार्थिनीनेच विचारले, "सर, सा बदलून पाहायचा का?" पांढरी एकचा सा, म्हणजे जी तारेवर चौथ्या बोटाचा सी, धरल्यावर मोकळी डी तार रिषभ झाली, पहिले बोट गंधार, तिसरे बोट तीव्र मध्यम, चौथे पंचम. ए तारेवर मोकळी धैवत, पहिले बोट निषाद आणि दुसरे तार षड्ज. 'नि रे ग' ही यमनची ओळख पटवणारी संगती तर जी तारेवरचे तिसरे बोट, मोकळी डी आणि तिचे पहिले बोट इतकी हाताजवळ आली. शिवाय खालच्या सी आणि जी या मोकळ्या तारा आपोआप खर्जाचे सा आणि प झाल्या. मर्यादा एकच उरली. तार रिषभाच्या वर जाता येत नव्हते, म्हणून गंधाराला स्पर्श करणारा अंतऱ्याचा भाग वगळला.

लेखन करताना तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चार मात्रांच्या चार बारमध्ये मांडल्या आणि मींड लिहिली नाही. चेलोला पडदे नसल्यामुळे मींड घेण्याचा मोह फार होतो, पण बोट सुरावर थेट पडण्याची सवय होण्याआधी मींड आली तर ती बेसूर झाकण्याचे साधन बनते. शिक्षक यावर ठाम राहिले.

परिणाम

काही महिन्यांनंतर विद्यार्थिनी बेस क्लेफमधील अनोळखी ओळ सावकाश, पण न थांबता वाचू लागल्या. मिन्युएटचा पहिला भाग त्या दुसऱ्या चेलोच्या भागाबरोबर वाजवू लागल्या. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोहोचत असल्याने एकत्र वाजवणे शक्य नव्हते, म्हणून शिक्षक तो भाग ध्वनिमुद्रित करून पाठवत आणि विद्यार्थिनी त्यावर वाजवत. लींच्या अभ्यासांनाही हाच मार्ग लागू पडला. यमनच्या स्थायीत सूर इतर सगळ्या कागदांपेक्षा आधी स्थिरावला, जे अपेक्षितच होते, कारण बोट चुकले तर कान लगेच टोकत होता.

सगळे साधले असे नाही. बोटांचे आकडे सुरुवातीला प्रत्येक स्वरावर लिहिले जात होते आणि विद्यार्थिनी स्वरांऐवजी आकडेच वाचत आहेत, हे उशिरा लक्षात आले. नंतर तार बदलते तिथेच आकडा ठेवण्याचे ठरले तेव्हा वाचनाची गती आधी खाली गेली आणि मग सावरली. सी तारेवरचे, जादा रेघांचे स्वर त्या अजूनही मोजून वाचतात, कारण निवडलेल्या एकाही धुनेत ते पुरेसे आले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

कागद निवडण्याची सर्व तपासणी डाव्या हाताच्या अंगाने झाली, ही या प्रकरणातील मोठी उणीव आहे. बोवर किती स्वर एकत्र घ्यायचे आहेत, लांब स्वराला बो पुरणार आहे का, तार किती वेळा ओलांडावी लागते, हे प्रश्न पहिल्या यादीत असते तर बाखचे प्रेल्यूड नेमके कशामुळे कठीण आहे, हे विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी सांगता आले असते. लींच्या एका अभ्यासात स्वर सगळे ओळखीचे असूनही त्या अडल्या, त्याचे कारण एका बोमध्ये बांधलेले स्वर हे होते. ते बंध काढून आधी सुटे वाजवायला सांगणे पुरेसे होते, आणि पुढे तसेच केले गेले.

क्रमवार पुस्तक घेण्याचा पर्याय आवडीच्या मुद्द्यावर लवकर बाजूला पडला. ते पुस्तक केवळ वाचनाच्या कागदांचा साठा म्हणून विकत घेतले असते, तर शिक्षकांचा ओळी लिहिण्यात जाणारा वेळ वाचला असता आणि सी तारही वेळेवर आली असती. अनोळखी बालगीत वाचनाला उत्तम असते, कारण त्याची ओढ नसणे तिथे दोष ठरत नाही.

शिक्षकांनी "सोपे काहीतरी शोधून आणा" असे म्हणण्याऐवजी दोन-तीन तपासलेले कागद देऊन त्यांतून निवडायला सांगितले असते, तर आवडीचा मान राहून भरकटणे टळले असते. पुढच्या टप्प्यासाठी आता तसेच ठरले आहे. मिन्युएटच्या दुसऱ्या भागातील ई तिसऱ्या पोझिशनमध्ये तिसऱ्या बोटाने घ्यायचा की चौथ्या पोझिशनमध्ये पहिल्या बोटाने घ्यायचा, हा प्रश्न समोर आहे. शिक्षकांचा कल चौथ्या पोझिशनकडे आहे, त्यामुळे ती पोझिशन संथ, मोकळ्या तारेवरून जाण्यास वाव देणाऱ्या धुनेतून आणणारे कागद ते निवडून पाठवणार आहेत. यमनमधील वगळलेला तार गंधार नेमका तोच ई असल्याने विद्यार्थिनीने अंतरा पुन्हा लिहायला घेतला आहे.